मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियन उसळीचा सराव वडोदऱ्यात कसा घ्यावा?

मंडळी, दांडिया बाजारातल्या १४-१५ वर्षांच्या मुलांसाठी ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या धर्तीवर नेट लावायचं आहे. इथल्या मातीच्या खेळपट्टीवर आखूड चेंडू कमरेच्या वर येतच नाही. म्हणून यष्टींपासून ८ मीटरवर ग्रॅनाइटची लादी ठेवून, १६ यार्डांवरून ओला टेनिस बॉल टाकून पाहिला. चेंडू छातीपर्यंत येतो, पण दोन अडचणी आहेत. लादीच्या कडेवर पडला की तो कुठेही उडतो, म्हणून हेल्मेटशिवाय कुणालाही उभं करत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: सगळेच चेंडू आखूड, त्यामुळे मुलं आधीच मागच्या पायावर जाऊन बसतात आणि पुढे टाकलेल्या चेंडूवर पायचीत होतात.

लादी किती जाडीची घ्यावी, कडा जमिनीशी सपाट कशी बसवावी? आखूड आणि पुढच्या चेंडूंचं प्रमाण किती ठेवावं? शिवाय ऑस्ट्रेलियात वापरतात त्या कूकाबुरा चेंडूच्या मधल्या दोनच ओळी हाताने शिवलेल्या, शिवण लवकर दबते. अशा जुन्या, शिवण दबलेल्या चेंडूच्या सरावासाठी काय वापरता?

विजय हजाऱ्यांनी १९४८ मध्ये ॲडलेडला लिंडवॉल-मिलर या ऑस्ट्रेलियन वेगवान जोडीसमोर एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केल्या. ते ज्या बडोद्याकडून खेळले, तिथल्या मुलांना उसळीची भीती वाटू नये, एवढंच.