गच्चीवर टिटवीची अंडी, वॉटरप्रूफिंगचं काय करू? (सांगली)

गच्चीकर, विश्रामबाग
गच्चीच्या कोपऱ्यात बांधकामाची उरलेली खडी पडून आहे, त्यात टिटवीनं चार अंडी घातलीत. घरटं असं नाहीच, नुसता खळगा. पावसाच्या आत वॉटरप्रूफिंग उरकायचं म्हणून माणूस ठरवलाय, पण वर गेलं की दोघंही डोक्यावर झेपावतात. सासूबाई म्हणतात, टिटवीनं उंचावर अंडी घातली म्हणजे यंदा पाऊस दणकून. २०१९ चा पूर बघितलेल्या घरात हे ऐकून झोप लागेल होय? काम पुढं ढकलू का? आणि पिल्लं खाली उतरणार कशी?

सेंट्रिंगवाला
घमेल्यात घालून शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवा की.

माळरान
अजिबात नको. हलवलेल्या अंड्यांवर ती परत बसेल याचा भरवसा नाही, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहेच. उबवायला साधारण चार आठवडे लागतात, नर-मादी आळीपाळीनं बसतात. तेवढं थांबा. भर उन्हात ती पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात, त्यामुळं परातीत पाणी ठेवा. पण अंड्यांपासून लांब, नाहीतर पाण्यावर आलेल्या कावळ्यांना आयतीच अंडी दिसतील.
गच्चीवर कुत्री-मुंगसं येत नाहीत, म्हणून उंची. पुराचा अंदाज कोयनेच्या विसर्गावरून आणि आयर्विन पुलाच्या पातळीवरून घ्या, ४५ फूट ही धोक्याची.

सातासमुद्रापार सांगलीकर
इथं इंग्लंडात समोरच्या छपरावर सीगलची पिल्लं वाढताना रोज बघतोय. आईच्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोचलं की ती खाल्लेलं ओकून भरवते. उडता येईपर्यंत पाच-सहा आठवडे मुक्काम छपरावरच. टिटवीचंही तसंच ना? मग भात-बित ठेवा की थोडा.

माळरान
तिथंच तर फरक आहे. टिटवीची पिल्लं बाहेर आली की दिवसभरात पळायला लागतात आणि किडे स्वतःच टिपतात. आई-बाप राखण करतात, भरवत नाहीत. भात नको. गच्चीवर किडे कुठले? मग आई-बाप खालून हाका मारतात आणि पिल्लं कठड्यावरून उड्या टाकतात. अंगानं हलकी, बऱ्याचदा वाचतात, पण खाली फरशी असेल तर अवघड. पाणी जायच्या पाइपाला आत्ताच जाळी लावा, त्यात पिल्लू गेलं तर काढता येत नाही. सगळी फुटली की वनविभागाच्या १९२६ वर विचारा आणि त्यांच्या सल्ल्यानंच खाली न्या. आई-बापांच्या डोळ्यांदेखत.

गच्चीकर, विश्रामबाग
थांबवलं काम. शेजाऱ्यांच्या मांजराचं मात्र काय करावं?

सेंट्रिंगवाला
जिन्याचं दार लावून ठेवा, त्याची वाट तीच असणार. पाइपाची जाळी माझ्याकडं पडून आहे, येऊन न्या. आणि वॉटरप्रूफिंगवाल्याकडून नवी तारीख आजच घ्या. जून लागला की ती माणसं फोन उचलत नाहीत.