उधई, बिब्याची फुलं, कडूकंद: खान्देशातलं ताटाबाहेरचं खाणं

हा गावोगावच्या लोकांनी लिहायचा अनुभव धागा असला तरी एक विनंती आधीच करते: किस्से नकोत. केव्हा, किती, किती वेळ, आणि चुकलं तर काय होतं, एवढं लिहा. वाचणारा उद्या खरोखर कढई चढवणार आहे, असं धरून लिहा.

धडगावहून

पहिला दमदार पाऊस पडला की दिवेलागणीला वारुळातून उधईचे, म्हणजे वाळवीचे, पंखवाले किडे उठतात. हा थवा थोडाच वेळ टिकतो, म्हणून तयारी आधी हवी. मोकळ्या जागेत दिवा टांगा, खाली परात ठेवा, परातीत दोन बोटं पाणी. किडे उजेडाला येतात, पाण्यात पडतात, बऱ्याच जणांचे पंख तिथेच गळतात. फडक्यातून गाळून त्याच रात्री भाजायला घ्या. सकाळवर ठेवलं तर त्यांना चिकट पाणी सुटतं आणि असा वास धरतो की पुढे कितीही भाजा, जात नाही.

लोखंडी कढई, मंद आच, तेलाचा थेंब नको. त्यांच्या अंगात चरबी भरपूर असते, थोड्याच वेळात कढईचा तळ आपोआप तुकतुकीत होतो. सतत हलवत दहा-बारा मिनिटं. झाकण अजिबात ठेवू नका, वाफ धरली की सगळं मऊ पडतं. एक किडा काढून गार करा आणि बोटांत दाबा. पोट चेपलं तर कच्चा, कट्‌कन तुटला तर झाला. मग सुपात पाखडा, उरलेले पंख उडून जातात. वाटीभर किड्यांना दोन भाजलेल्या सुक्या मिरच्या, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या आणि मीठ, पाट्यावर ओबडधोबड वाटायचं. घाईने आच मोठी केली तर वरून काळं, आत ओलं राहतं आणि बरणीत दोन दिवसांत बुरशी येते.

घराच्या चौकटीतून किंवा वाशातून निघालेली उधई कधीही घेऊ नका. तिथे उधईचं औषध मारलेलं असू शकतं.

साक्रीहून

धडगावच्या दादांच्या कृतीत एक भर. दिव्याला उधई एकटी येत नाही. परातीत भुंगे, ढेकणासारखे किडे, सगळंच पडतं. भाजण्याआधी ताटात पसरून निवडा, आणि निवडताना चिमटा वापरा. बाजरी फुलोऱ्यात असते तेव्हा कणसावर बसणारे हिंगे, म्हणजे अंगावर फोड आणणारे भुंगे, तर हातानेही धरू नयेत. त्यांच्या अंगात कॅन्थरिडिन नावाचं विष असतं. कातडीला लागलं तर फोड येतात, पोटात गेलं तर आतडं आणि मूत्रपिंड दोन्हींना इजा होते. भाजल्याने किंवा उकळल्याने ते जात नाही. ओळख पटत नाही तो किडा फेकायचा.

भुसावळहून

कोळंबी किंवा खेकडा सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, अशांनी किडे खाऊच नयेत. ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबी-खेकड्यांत आणि किड्यांत, दोन्हींत असतं आणि शिजवूनही त्याचा त्रास टळत नाही.

चोपड्याहून

नाकतोडे खाता येतात का, हा प्रश्न नेहमी येतो. खाता येतात. मेक्सिकोत ओआहाका भागात लिंबू-मीठ लावून भाजलेले नाकतोडे बाजारात ढिगाने विकतात. पण आपल्याकडचा भाग कपाशीचा आणि केळीचा. कपाशीवर हंगामात किती फवारण्या होतात ते आपण जाणतोच. नाकतोडा उडत फिरतो, तो तुमच्या बांधावर सापडला म्हणजे तुमच्याच शेतातलं खाऊन आला असं नाही. औषध धुऊन जात नाही, ते त्याच्या पोटात असतं. २०२० मध्ये टोळधाड महाराष्ट्रात शिरली तेव्हा टोळांवरही फवारणी झाली होती. असे टोळ माणसांनी खायचे नाहीत आणि कोंबड्यांनाही घालायचे नाहीत.

फवारणी नसलेल्या डोंगरपाड्यावरचे मिळालेच, तर डोकं ओढून काढा, त्यासोबत आतडंही निघतं. मागचे लांब पाय मोडून टाका. त्यांच्यावर करवतीसारखे काटे असतात, ते घशात अडकतात आणि जास्त खाल्ले तर आतड्यात गुंता होतो.

यावलहून

बिब्बा गोडंबीमुळे, म्हणजे त्याच्या आतल्या बीमुळे, सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं फूल मागे पडलंय. फूल म्हणतात ते खरं फूल नव्हे. काळ्या बिब्याच्या वरच्या बाजूला फुगलेला नारिंगी गर असतो, तोच वाळवून खातात. काजूच्या बोंडासारखाच प्रकार, दोन्ही एकाच कुळातले.

सगळी काळजी कवचातल्या तेलाची. हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळा, जुने पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पिकून नरम झालेला गर हलकेच पिरगळून वेगळा करा. ओढाताण केली तर बिब्बा फुटून तेल गराला लागतं आणि तो गर वाया जातो. काळा डाग दिसला की तो तुकडा बाजूला. गर कच्चा खाऊ नका, तोंड फुटतं. मंद निखाऱ्यावर भाजा किंवा उकडून उन्हात वाळवा. मनुकेसारखा सुरकुतला आणि हाताला चिकटेनासा झाला की तयार. एका वेळी दोन-चार पुरेत.

तेल लागलंच तर आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग खोबरेल लावून पुसा, शेवटी साबण. हे तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, उलट पसरतं. फोड लगेच येत नाहीत, दुसऱ्या दिवशीही उठतात, म्हणून काही झालं नाही असं समजून त्या हाताने डोळे चोळू नका. आणि अख्खे बिब्बे बंद खोलीत कधीच जाळू नका, त्याचा धूरही चेहरा सुजवतो. आंब्याच्या चिकाने ज्यांना फोड येतात त्यांनी या वाटेला जाऊच नये.

नंदुरबारहून

लाल मुंग्यांच्या चटणीबद्दल विचारणाऱ्या ताईंसाठी: ती ओडिशा आणि बस्तरची. ओडिशातल्या मयूरभंजच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबटपणा मुंगीतल्या फॉर्मिक आम्लाचा, म्हणून चिंच लागत नाही. पानं शिवून झाडावर घर करणारी मुंगी ती. जमिनीवरच्या लाल मुंग्या वाटून ती चव येणार नाही.

जळगावहून

ज्यांना खात्रीचाच किडा हवा त्यांनी रातकिडे पाळावेत. उभ्या, गुळगुळीत कडांचा टब, आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे. खायला हरभऱ्याचा भरडा आणि सोललेल्या गाजराचा तुकडा. पाणी उघड्या वाटीत ठेवू नका, पिल्लं बुडतात. ओला स्पंज ठेवा. अंडी घालायला ओल्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वाटी. ३० अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत पिल्लं, सहा-सात आठवड्यांत पूर्ण वाढ. आपल्याकडचा मे महिना हीच खरी अडचण. टबाभोवती ओलं पोतं लावा, गर्दी कमी करा, नाहीतर दुपारी ढीगच मरून पडतो.

काढण्याआधी एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे पोट रिकामं होतं. मग एक दिवस फ्रीजरमध्ये, धुऊन पाच मिनिटं उकळी, आणि लगेच मंद आचेवर पूर्ण कोरडे. उकळलेले तसेच बाहेर ठेवू नका, उकळीत न मरणारे जिवाणू पुन्हा वाढतात. दळून भाकरीत घालायचे तर एक किलो पिठाला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नको. नुसत्या ज्वारीची भाकरी चिरते, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ घ्या, उडदाचा चिकटपणा तिला धरून ठेवतो.

तोरणमाळहून

कडूकंद हा रानकंद कच्चा विषारी. सोलून चकत्या इतक्या पातळ करा की बोट पलीकडे दिसावं. जाड चकती आतून कडू राहते. चुलीची राख घालून उकळा, पाणी फेका, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवा. ओढा नसेल तर बादलीत चार-पाच वेळा पाणी बदला. सकाळी जिभेला एक चकती लावून बघा. जराही कडू लागली तर पुन्हा उकळायचं. मिरची-मसाल्याखाली कडवटपणा झाकायचा नाही, उलटी आणि चक्कर त्यातूनच येते. आणि ते पहिलं पाणी गुरांच्या हौदाजवळ ओतू नका.