पहिला क्विल्ट (तुकडे जोडून केलेली थरांची गोधडी) करायचाय, नक्की काय काय घेऊ?

नवशिकी_सुई: साधी शिलाई मशीन आहे, सरळ शिवण जमते. व्हिडिओत प्रत्येकाकडे ढीगभर सामान दिसतं, खरंच एवढं लागतं का?

ठिगळकर: नाही हो. ४५ मिमीचा रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा कापड कापायचा कटर), त्याखाली कटिंग मॅट आणि ६ बाय २४ इंची जाड पारदर्शक पट्टी, एवढ्यावर पैसे घाला, बाकी घरातलं चालतं. कटरचं पातं भयंकर धारदार असतं, दर कापणीनंतर बंद करायचं म्हणजे करायचंच, मी एकदा आळस केला आणि अंगठ्यावर अजून खूण आहे.

दोरा_तुटला: सीम रिपर, म्हणजे शिवण उसवायचं हत्यार, विसरू नका, शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त होतं 😄

उलटी_शिवण: कापड शंभर टक्के कॉटन घ्या आणि सगळीकडे कडेपासून पाव इंचावरच शिवण ठेवा, दर शिवणीत दोन धाग्यांइतकं कापड जास्त गेलं तरी दहा तुकडे जोडेपर्यंत ब्लॉक (तुकडे जोडून झालेला चौकोन) अर्धा-पाऊण इंच लहान होतो आणि मग कोपरे काही केल्या जुळत नाहीत. इस्त्री शेजारीच ठेवा, पण घासू नका, नुसती दाबून उचला, घासली की कापड ताणतं. तीन थर (वरचा भाग, मधलं भरण, खालचं अस्तर) एकत्र धरायला वाकड्या सेफ्टी पिना, तळव्याएवढ्या अंतरावर.

नवशिकी_सुई: आणि वॉकिंग फूट?

ठिगळकर: तो म्हणजे सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय, तिन्ही थर एकत्र शिवायच्या वेळी घ्या, आधी वरचा भाग तर होऊ दे!