मदत हवी आहे : गाडीत बेस भरपूर, पण पखवाज गायब

नमस्कार मंडळी,

मुक्काम देवगड, गाडी २०१६ची हॅचबॅक. समोरच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर, डिकीत १० इंची वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर), सीटखाली चार चॅनेलचा अँप (अँप्लिफायर). सगळं बसवून दोन वर्षं झाली.

दुखणं असं आहे की सिनेमाची गाणी लावली की डिकी धडधडते, मागची नंबरप्लेटसुद्धा ठेका धरते. पण आमच्या बाबांचा जीव डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात. त्यांच्या जुन्या कॅसेटी मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्यात. त्या लावल्या की झांज कानात घुसते, पेटी ठीक वाटते आणि पखवाज नुसता टकटक करतो. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा येतच नाही. गेल्या आठवड्यात कणकवलीला जाताना बाबा म्हणाले, "ह्यो पखवाज वाजता काय पत्र्याचो डबो?"

आणखी एक विचित्र प्रकार. बुवांचा आवाज समोरून येत नाही, डोक्याभोवती कुठूनतरी फिरत येतो. तेच भजन मोबाइलला हेडफोन लावून ऐकलं तर पखवाज झकास. म्हणजे रेकॉर्डिंगचा दोष नाही.

करून पाहिलेले उद्योग : स्टिरिओवर बेस +७, लाउडनेस चालू, अँपवरचा बेस बूस्ट टोकाला, म्हणजे १२ डेसिबल. आता आवाज जरा वाढवला की दारं भर्र करतात आणि अँपला हात लावता येत नाही इतका तापतो. वूफर वाढवावा तर डिकीत नारळ गडगडल्यासारखं वाटतं, पखवाज काही येत नाही.

मे महिन्यात उजव्या दाराची काच अडकली होती म्हणून दार उघडून दुरुस्ती करून घेतली होती. त्याचा इथे संबंध नसावा, पण सगळं सांगितलेलं बरं.

दुकानदार म्हणतो, १२ इंची वूफर टाका. बाबा म्हणतात, आहे तोच विका. गणपतीआधी काही मार्ग निघेल का?

प्रतिसाद

वूफरवर पैसे घालू नका. काचेच्या दुरुस्तीचं शेवटी लिहिलंत, मला तीच मेख वाटते. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या आणि भजन ऐका. मग पूर्ण उजवीकडे. मग मध्ये. एकच दार वाजताना पखवाज भरीव आणि दोन्ही मिळून पोकळ वाटला, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्यात. एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. कॅसेटचं रेकॉर्डिंग बहुधा मोनो असणार, म्हणजे दोन्ही बाजूंना तोच पखवाज, त्यामुळे नुकसान सगळ्यात जास्त. सिनेमाच्या गाण्यातला दणका वूफर एकटा वाजवतो, म्हणून तिथे कळत नाही.

धागाकर्ता

अहो, तंतोतंत! एकटं डावं दार वाजवलं तर पखवाज आला, मध्ये आणला की गुल. आता उलटी वायर कुठल्या बाजूची हे कसं ओळखू?

दुसरा प्रतिसाद

स्पीकरच्या वायरी अँपवरून सोडवा आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर तोच गुन्हेगार. सेल धरून बसू नका, नुसतं टेकवून काढा.

आणि तो बेस बूस्ट आधी शून्यावर आणा. १२ डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यात अँपकडे सोळापट ताकद मागणं, तापेल नाही तर काय! लाउडनेसही बंद. दारांना हाय पास ८० हर्ट्झ (त्याखालचे स्वर दारांकडे जायला नकोत), वूफरला लो पास ८० हर्ट्झ (त्यावरचे स्वर वूफरकडे नकोत). अँपवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवण्यासाठी असतो : स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवा, गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. शेवटी वूफरचा फेज स्विच (पडद्याची आत-बाहेर चाल उलटवणारा) ० आणि १८०वर करून पाहा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ज्यात पखवाज भरीव लागेल तो ठेवा.

दार उघडाल तेव्हा आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, आपल्याकडच्या पावसात तोच गाडीचा आतला भाग कोरडा ठेवतो. खालची पाण्याची भोकंही मोकळी ठेवा.

धागाकर्ता

रविवारी उजवं दार उघडलं. खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवं पडलेलं, काच दुरुस्त करणाऱ्याने ते कापून वायरी नुसत्या पिळून ठेवलेल्या, आणि त्याही उलट. सरळ करून नवीन टर्मिनल लावले. वूफरचा लो पास ५०वर होता, तो ८०वर आणला. फेज १८०वर बरा वाटला. बेस आता +१वर आहे आणि अँप कोमट.

संध्याकाळी बाबांना कुणकेश्वरापर्यंत फिरवून आणलं. बोलले काही नाहीत, मांडीवर ताल धरला होता. परतताना म्हणाले, "मगाचा गजर परत लाव."

आता एकच राहिलं, ती नंबरप्लेट अजून खडखडते. मागे फोमची पट्टी चिकटवली तर पावसात टिकेल का, की रबरी वॉशर बरे?