हाच खेळाडू का घेतलात? ड्राफ्टमधल्या निवडीमागची कारणं (अनुभव धागा)

गुहागर

आयपीएल जवळ आली की आमच्या आठ जणांच्या ग्रुपचा ड्राफ्ट होतो: खरे खेळाडू आपापल्या कागदावरच्या संघात वाटून घ्यायचे आणि ते सामन्यात जसे खेळतील तसे गुण वहीत मांडायचे. ज्याच्या घराचा ओटा मोठा, त्याच्याकडे बैठक. पैसे आम्ही कधीच लावले नाहीत. त्यामुळे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा आमच्या वहीला काही फरक पडला नाही. उलट अ‍ॅपवर रोज टीम लावणारे दोघे-तिघे आमच्यात आले.

ड्राफ्टमध्ये एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर शेवटचा, त्याला दुसऱ्या फेरीत पहिली निवड. आमचा एक जादा नियम आहे: नाव घेतलं की कारण सांगायचं, आणि ते वहीत नावापुढे लिहायचं. ‘फॉर्मात आहे’, ‘मॅचविनर आहे’ ही कारणं धरत नाहीत. कितव्या नंबरवर येणार, कुठली षटकं टाकणार, अकरात जागा पक्की आहे का, असं काहीतरी हवं.

2024 ला आमच्यातल्या एकाने हर्षल पटेलला घेतलं. सगळे म्हणाले, मार खातो तो. त्याने लिहिलं होतं: ‘शेवटची षटकं टाकतो. धावा जातील, पण फलंदाज तिथेच उंच मारतात आणि विकेटला गुण जास्त.’ त्या वर्षी 24 बळी घेऊन सर्वाधिक बळींची पर्पल कॅप हर्षललाच मिळाली. गुणतक्ता एकदा बघून विसरला जातो, पण अशी ओळ मी वही काढून पुन्हा पुन्हा वाचतो. खेळ कोणाला किती कळतो ते तिथे दिसतं.

कोकणात ठिकठिकाणी असे ग्रुप आहेत. तुम्ही कोणाला घेतलंत, आणि बाकीचे अंगावर आले तेव्हा काय सांगितलंत? सविस्तर लिहा.

चिपळूण

दादा, क्रिकेटपुरतंच ठेवू नका. आम्ही जावा-नणंदा आणि शेजारच्या मुली प्रो कबड्डीचा ड्राफ्ट करतो. लग्नाआधी मी गावच्या संघातून डावा कोपरा, म्हणजे बचावाच्या साखळीतली डावीकडची टोकाची जागा खेळलेय, त्यामुळे माझी नजर आधी कोपऱ्यावर जाते.

पहिल्या फेरीत सगळ्या चढाईपटूंवर तुटून पडतात. माझी जाऊ तर 2017 चा परदीप नरवालच पुढे करते. त्या हंगामात त्याचे चढाईचे 369 गुण होते, त्यातले 34 हरियाणाविरुद्धच्या एकाच सामन्यात. तिचं म्हणणं खरं आहे. असा चढाईपटू हाताशी असेल तर तोच घ्यावा. पण माझा नंबर पाचवा-सहावा आला की मी कोपरारक्षक मागते. कारण बरे चढाईपटू प्रत्येक संघात दोन-तीन असतात, हंगामभर पकडी करणारा कोपरा मात्र मोजक्या संघांकडे. 2018 च्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने उजव्या कोपऱ्यातून पकडीचे 100 गुण केले. दुसऱ्या नंबरचा फजल अत्राचली 83 वर होता. पहिल्या दोघांत एवढं अंतर, मग दहाव्यापर्यंत काय उरत असेल!

दुसरं कारण मैदानावर उभं राहिलं की कळतं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मग तो खोल येतो, पाय पुढे टाकतो आणि घोटा कोपऱ्याच्या हाताशी येतो. शिवाय मैदानात तीन किंवा कमी जण असताना पकड झाली तर अव्वल पकडीचे दोन गुण. म्हणून संघ हरत असला तरी त्याचा कोपरा गुण आणतो. हे सांगितल्यावर आमच्या नणंदबाईंनी पुढच्याच फेरीत कोपरा उचलला.

खेड

माझ्या वहीतली सगळ्यात आवडती ओळ 2024 ची आहे: ‘सुनील नारायण. गंभीर परत आला, हा सलामीला जाणार. गोलंदाजीची चार षटकं आहेतच.’

नोव्हेंबर 2023 मध्ये गौतम गंभीर मेंटॉर (मार्गदर्शक) म्हणून कोलकात्याकडे परतल्याची बातमी आली. 2017 मध्ये तो कोलकात्याचा कर्णधार असतानाच नारायण सलामीला जाऊ लागला होता. बंगळुरूविरुद्ध 15 चेंडूंत अर्धशतकही झालं होतं. मी एवढंच जोडलं. ग्रुपमधले म्हणत होते, 2023 मध्ये त्याच्या बॅटने काही केलं नाही, वरच्या फेरीत वाया घालवतोयस. मी सांगितलं, खालच्या नंबरवरच्या धावा मोजू नका, नंबर बदलणार आहे.

पहिल्या सामन्यात नारायण दोन धावांवर धावबाद झाला. रात्री अकरापर्यंत मेसेज येत होते. मला काळजी वाटली नाही, कारण तो सलामीला आला होता आणि मला तेवढंच बघायचं होतं. पुढे दिल्लीविरुद्ध 85, राजस्थानविरुद्ध 109. हंगामाअखेर 488 धावा आणि 17 बळी.

एका सामन्याचे गुण पाहून कारण मोडीत काढू नये. तुम्ही सांगितलेली गोष्ट मैदानावर घडतेय का, ते आधी बघावं.

वसई

आमच्याकडे ‘गाववाला म्हणून घेतलास’ हा आरोप फार होतो. आयुष म्हात्रे विरारचा, त्यामुळे मला तो ऐकावाच लागला. 2025 मध्ये ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने बाहेर गेला आणि चेन्नईने त्याच्या जागी 17 वर्षांच्या आयुषला बोलावलं. ड्राफ्टमध्ये ऋतुराज माझ्याकडे होता. आमच्या नियमाप्रमाणे जखमी खेळाडूच्या बदल्यात कोणीही न घेतलेला एक खेळाडू मिळतो.

मी आयुष मागितला आणि कारण असं दिलं: त्या हंगामात चेन्नईची सुरुवात संथ होत होती, त्यांना पॉवरप्लेमध्ये, म्हणजे पहिल्या सहा षटकांत मारणारा हवाय, म्हणून हा आला की वरच खेळणार. आणि पोरगा मोठ्या खेळी करतो. मुंबईकडून विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध 181, रणजी स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्ध 176. वानखेडेवर पदार्पणात त्याने 15 चेंडूंत 32 केल्या, मग बंगळुरूविरुद्ध 48 चेंडूंत 94. विरारचा असल्याचा आनंद आहेच, तो मी का लपवू? पण वहीत विरार हा शब्द नाही.

देवगड

आमचा ड्राफ्ट कागदावरचा नाही, खऱ्या माणसांचा आहे. वाडीच्या प्रीमियर लीगचा लिलाव. टेनिस बॉल, सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) मैदान, मे महिना. प्रत्येक संघाला सारखेच पॉइंट देतात आणि त्यातच बोली लावायची.

इथे पहिलं कारण खेळाचं नसतंच. अर्धे खेळाडू चाकरमानी. मागे आम्ही मुंबईच्या एका तडाखेबाज फलंदाजावर बोली वाढवत होतो, तेवढ्यात आमच्या काकांनी हात धरला. “झील चांगलो खेळता, ता खरा. पण येतलो काय? तिकीट कन्फर्म आसा काय?” जागच्या जागी फोन लावला. तुतारी एक्स्प्रेसचं वेटिंग. काकांनी बोली थांबवली आणि त्याच पॉइंटमध्ये गावातच राहणारे दोन अष्टपैलू घेतले. तेव्हापासून लिलाव रेल्वेचं आरक्षण उघडल्यानंतरच ठेवतात. आता ते 60 दिवस आधी उघडतं, म्हणून मार्चअखेरीस लिलाव.

दुसरं कारण वारा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की एका टोकाकडून उंच मारलेला चेंडू सीमारेषेच्या आत पडतो. म्हणून वाऱ्यात हळू चेंडू टाकणारा गोलंदाज आम्ही वेगवान गोलंदाजाच्या आधी घेतो. सकाळच्या सामन्यांना हे लागू नाही, आणि ते वेळापत्रक लिलावाआधी मागून घ्यायचं असतं. हे बाहेरच्या संघमालकांना सुचत नाही.

सावंतवाडी

आमच्याकडे गोव्याचं वारं, त्यामुळे फुटबॉल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर खेळायच्या फँटसी प्रीमियर लीगमध्ये 2025-26 पासून बचावाचे वेगळे गुण मिळू लागले. बचावपटूने टॅकल, इंटरसेप्शन, क्लिअरन्स आणि ब्लॉक मिळून 10 केले की दोन गुण. त्यामुळे सतत दबावाखाली असणाऱ्या संघाचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) मी स्वस्तात घेतो. गोल खाल्ला तर क्लीन शीटचे (एकही गोल न खाल्ल्याचे) चार गुण जातात, हे दोन मात्र राहतात.

रत्नागिरी

थोडा विरोध नोंदवतो. मी दर वर्षी रोहित शर्माला घेतो, आवडतो म्हणून. तो पुलचा फटका मारताना बघायला मी जागतो. प्रत्येक निवडीला हिशेब कशाला?

गुहागर

रत्नागिरीकर, ‘आवडतो म्हणून’ असं वहीत स्वच्छ लिहा, आमच्याकडे तेही धरतात. फक्त मागून त्याला पॉवरप्लेच्या आकड्यांचा मुलामा देऊ नका. देवगडकर, वाऱ्याचं आणि वेळापत्रकाचं मी आमच्या अंडरआर्म स्पर्धेसाठी उचलतोय.

आता माझा प्रश्न. यंदा डब्ल्यूपीएलचा, म्हणजे महिलांच्या प्रीमियर लीगचा ड्राफ्ट करायचाय. संघ पाच, म्हणजे प्रत्यक्ष खेळणाऱ्या 55. आम्ही आठ जण प्रत्येकी 11 घेणार म्हटल्यावर 88 लागतात, म्हणजे बाकावर बसणाऱ्याही घ्याव्या लागतील. चिपळूणच्या ताई, तुम्ही संघ लहान करता की एक खेळाडू दोघींना देता? दोघींना दिली, तर कारण कोणाच्या नावावर लिहायचं?