दहा माणसं नसली तर प्रार्थना होतच नाही का?

हरमलकर: गोव्यात आमच्या हरमलच्या गेस्ट हाऊसला एक इस्रायली मुलगा उतरलाय, त्याचे वडील चार महिन्यांमागे वारले. रोज संध्याकाळी शेजारपाजारच्या गेस्ट हाऊसमधे फिरून दहा ज्यू माणसं शोधत असतो, काल आठच मिळाली तर बिचारा पायरीवर पुस्तक मिटून बसून राहिला. मी आणि माझा भाऊ उभे राहिलो तर चालेल का? आणि इथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, नाही मग हे लोक करतात काय?

रेवदंड्याची: दादा, तुमच्या विचारण्यानेच बरं वाटलं. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, अलिबागकडचे. तुम्ही शेजारी जरूर उभे राहा, पण मोजणीत येणार नाही, तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष लागतात (काही पंथांत बायकाही धरतात). त्याला मिन्यान म्हणतात. एकट्याने प्रार्थना होते हो, पण वडिलांसाठी म्हणायचा कद्दिश दहाजणांशिवाय म्हणता येत नाही आणि तो अकरा महिने म्हणतात, म्हणून त्याची धावपळ. त्या कद्दिशमधे मरणाचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती.

सिनेगॉगला आमच्यात जुनी माणसं मशीदच म्हणायची. मुंबईचं सगळ्यात जुनं 1796 चं, शार हारहमीम, त्यावरूनच मस्जिद स्टेशनचं नाव पडलं असं सांगतात. आत मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, पडद्यामागे कपाट असतं आणि त्यात तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. एक अक्षर चुकलं तरी ती दुरुस्त होईपर्यंत वाचत नाहीत. बोट लावायचं नाही म्हणून चांदीच्या छोट्या हाताने ओळ दाखवतात, टोकाला खरंच इवलंसं बोट असतं. लहानपणी मी वाचणाऱ्याकडे नाही, त्या बोटाकडेच बघत बसायचे.

पण हिब्रूत नावच बेत क्नेसेत, जमण्याचं घर. सन 70 मधे रोमन लोकांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, बळी देणं बंद झालं आणि तेव्हापासून सगळा भार प्रार्थनेवर आणि वाचनावर आला, त्यामुळे दहाजण जमले की तुमचं अंगणसुद्धा पुरतं.

पणजीचो: गोव्यात जुनं सिनेगॉग कुठून असणार, 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत. पणजीची म्युनिसिपल गार्डन ज्याच्या नावाची तो गार्सिया द ऑर्टा, औषधी झाडांवर 1563 ला गोव्यातच पुस्तक छापलेला वैद्य, ज्यू घराण्यातला. वारल्यावर बारा वर्षांनी, 1580 ला त्याची हाडं उकरून जाळली. त्या बागेतून जाताना मला दर वेळी हे आठवतं. हरमलकर, हणजुणला हबाद हाऊस, म्हणजे हबाद या ज्यू पंथाचं केंद्र, आहे, सीझनमधे तिथे माणसं मिळतील, मुलाला सांगा.

हरमलकर: ताई, पणजीकर, देव बरें करूं. हणजुणला विचारलं, आज तिथून दोघे स्कूटरवरून आले, दहा भरले. अंगणातल्या खुर्च्या मी पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून लावल्या. वाचताना मुलाचा आवाज अडकला तेव्हा बाकीचे नऊजण तो पुढे म्हणेपर्यंत थांबले, मग आमेन म्हणाले. उद्या शुक्रवार, सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, लागतो, मग ते गाडीवर बसणार नाहीत म्हणे, तर दोघांसाठी वरची खोली झाडून ठेवलीय.