आजीच्या नावाचं बक्षीस, व्याज ६५ रुपये (गावातल्या ट्रस्टला देणगी: अनुभव धागा)

नीलमोहर

परवा माहेरी कपाट आवरताना एक पोस्टकार्ड सापडलं. "आपल्या बक्षिसाबद्दल मी आपली आभारी आहे", खाली चौथीतल्या मुलीची सही, शाईचा डाग, बस्स. त्यावरून सगळं आठवलं.

१९८७ साली आजी गेली तेव्हा बाबांनी गावच्या शाळेच्या ट्रस्टकडे १००१ रुपयांची कायम ठेव ठेवली होती. चौथीत गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला व्याजातून बक्षीस, आजीच्या स्मरणार्थ. तेव्हा मुदत ठेवीवर दहा टक्के सहज मिळायचे. पहिल्या वर्षी शंभर रुपयांत कंपासपेटी, वह्या आणि स्टीलचा डबा आला होता. डब्याच्या झाकणावर टिंबाटिंबांनी आजीचं नाव ठोकलेलं. आजी स्वतः शाळेत गेलेलीच नव्हती, पण तोंडी पावकी-निमकी अशी म्हणायची की वाणी घाबरायचा.

शाळेत फोन लावला. क्लार्कबाई म्हणाल्या, "ताई, चालू आहे की तुमचं बक्षीस. ६५ रुपये. दरवर्षी पाकिटात घालून देतो." पाकिटाचेच पाच रुपये होत असतील!

भाऊ म्हणतो आणखी पन्नास हजार टाकून मोकळे होऊ. मला कळेना की याच पद्धतीने द्यावं का. तुम्ही आपापल्या गावच्या ट्रस्टला, वाचनालयाला, वसतिगृहाला कसं दिलंत? पैसे, वस्तू, वेळ, काहीही. आणि पुढे त्याचं काय झालं तेही सांगा.

खिडकीपाशी

टिंबाटिंबांचं नाव, अगदी अगदी! आमच्या वाचनालयात पंख्याच्या पात्यांवर दात्याचं नाव आहे. एका पात्यावर स्वतःचं, दुसऱ्यावर वडिलांचं, तिसऱ्यावर गाव. पंखा बंद असेल तरच वाचता येतं. मे महिन्यात सगळे दाते गुप्तदानी.

वरणफळ

हाहाहा गुप्तदानी. कुकर लावलाय, नंतर येते सविस्तर.

हिशेबनीस

बँकेतून रिटायर झाल्यावर अकरा वर्षं एका छोट्या शिक्षण ट्रस्टचा खजिनदार आहे, म्हणून लिहितो.

नीलमोहर, तुमच्या बाबांनी दिलं त्याला आम्ही कॉर्पस म्हणतो. दात्याने लेखी कळवलं की रक्कम कायम ठेवावी, तर मुद्दलाला हात लावता येत नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यामुळे ६५ रुपयांत काय करायचं हे क्लार्कबाईंच्या हातात नाही. आमच्याकडे अशा ४३ ठेवी आहेत, सगळ्यात लहान १०१ रुपयांची. तिचे वर्षाला साडेसहा रुपये येतात. नोंद वेगळी, बक्षीस वेगळं, वाचून दाखवायचं नाव वेगळं. स्नेहसंमेलनात नावं वाचता वाचता माझा घसा बसतो आणि समोरची पोरं झोपतात.

आता द्याल तेव्हा पत्रात एक ओळ घाला: व्याज अपुरं पडल्यास विश्वस्तांना बक्षिसाचं स्वरूप बदलण्याचा किंवा ठेव इतर ठेवींत मिळवण्याचा अधिकार राहील. एवढी ओळ असती तर आमच्या निम्म्या ठेवी मार्गी लागल्या असत्या. ज्यांनी दिल्या ते हयात नाहीत, आता विचारायचं कुणाला?

आणि एक बोलून टाकतो. वीजबिलाला कुणी देणगी देत नाही. शिपायाच्या पगाराला देत नाही. संडासाच्या दुरुस्तीला तर नाहीच. वर्गखोलीला लगेच देतात, कारण तिथे नावाची फरशी बसवता येते.

घाईत

वीजबिल +१००

चिंचगूळ

मी एका बालगृहात जाते, नाव नको. सुरुवात सगळ्यांसारखीच, लेकाच्या वाढदिवसाचं जेवण. पंधरा ऑगस्टला जिलबी घेऊन गेले तर आधीच तीन ठिकाणची आलेली. पोरं पाकात बोटं बुडवून भिंतीला पुसत होती. तिथल्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, जिलबी खाऊन खाऊन पोटं बिघडतात. त्यापेक्षा नखं कापायला या."

तेव्हापासून एक रविवार सोडून एक जाते. चाळीस पोरं, म्हणजे पायांची धरून आठशे नखं. दुसऱ्याच फेरीला नेलकटरची स्प्रिंग गेली. एक पोरगी अंगठा शेवटी ठेवायला लावते, कारण तो झाला की उठावं लागतं.

पावती नाही मिळत याची. कंबर मात्र मिळते, दुखरी.

वरणफळ

चिंचगूळ 🙏 अंगठ्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं आणि तिकडे वरण उतू गेलं.

पैचा_हिशेब

करसवलतीसाठी देणाऱ्यांनी माझा मूर्खपणा वाचा. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला २५००० रोख दिले एका संस्थेला. पावती झकास, त्यावर ८०जी चा, म्हणजे देणगीवर करसवलत देणाऱ्या कलमाचा, नंबरही छापलेला. रिटर्न भरताना सीए म्हणाला, रोखीने २००० च्या वर दिलं की सवलत शून्य. २५००० मधल्या पहिल्या दोन हजारांचीही नाही! चेक दिला असता तर?

शिवाय २०२१-२२ पासून नुसती पावती चालत नाही. संस्था आयकर खात्याला देणगीदारांची यादी कळवते, मग आपल्याला १०बीई नावाचं प्रमाणपत्र मिळतं. पॅन चुकला तर गेलं. आणि पूर्ण रक्कम वजा होत नाही हो, बहुतेक संस्थांना ५० टक्केच, त्यालाही उत्पन्नाच्या हिशोबाने मर्यादा. वस्तूंना काही नाही. नवीन कररचना घेतली असेल तर ८०जी विसराच.

झोपाळा

मग द्यायचंच कशाला असं नाही ना म्हणायचं तुम्हाला? 😀

पैचा_हिशेब

नाही हो. सासरे खूश असतील. सीए खूश नव्हता इतकंच.

दूरदेशी

माझी गोष्ट थोडी वेगळी. मी न्यू जर्सीत, तिथलं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड आहे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). गावच्या वाचनालयाला बालविभागासाठी पैसे पाठवायचे होते. अध्यक्षकाका आनंदाने "पाठव, पाठव" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, "नको पाठवूस बाबा." माझा पासपोर्ट भारतीय असता तर स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेतून दिलेलं चाललं असतं. पण ओसीआय म्हणजे कायद्याने परदेशी. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेच्या खात्यात उतरायला हवेत. दोन खोल्यांचं वाचनालय हे कुठून आणणार!

ज्या ओट्यावर बसून पुस्तकं वाचली त्याला मी परदेशी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी बहिणीने तिच्या पैशांतून दिलं. मी आता सुट्टीत गेलो की पुस्तकांना कव्हरं घालतो, खळ लावून, खाकी कागदाची. त्याला कुणाची परवानगी लागली नाही अजून.

हिशेबनीस

अध्यक्षकाकांनी योग्य केलं. पुष्कळ जण न विचारता घेतात आणि नंतर निस्तरत बसतात.

रद्दीवाला_नव्हे

पुस्तकं देणाऱ्यांनो, आधी विचारा! मी सहा पोती घेऊन गेलो होतो. ग्रंथपालबाईंनी अर्ध्या तासात दीड पोतं काढून घेतलं, बाकीचं परत. गाइडं, डायऱ्या, २००३ सालचं कॉम्प्युटर शिका. एका पुस्तकात आमच्या हिचं जुनं पत्र निघालं. मी लिहिलेलं नव्हे.

झोपाळा

पुढे???

रद्दीवाला_नव्हे

मैत्रिणीचं होतं हो. श्वास घ्या सगळ्यांनी.

माजघर

आमच्या आत्याची गोष्ट लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "माझे राहते घर गावच्या शाळेस." दोन साक्षीदार, सह्या, सगळं व्यवस्थित. पण गावात शाळा तीन! एक झेडपीची, दोन वेगवेगळ्या संस्थांच्या. प्रत्येकाला वाटलं आपलीच. संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घातला असता तर वादच झाला नसता.

अखेर एका संस्थेकडे घर गेलं. आता त्यांना घर नको, पैसे हवेत. पण ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या (ट्रस्टवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी) परवानगीशिवाय विकता येत नाही, ते बरोबरही आहे, नाहीतर निम्म्या महाराष्ट्रातल्या ट्रस्टच्या जमिनी केव्हाच गेल्या असत्या. तोवर घराला कुलूप. परसातल्या फणसावर माकडं. आत्याच्या तुळशीला समोरचा पोरगा पाणी घालतो, त्याला तर कुणी सांगितलेलंही नाही.

घाईत

नॉमिनी म्हणून ट्रस्टचं नाव घातलं तर चालतं का? फ्लॅटला?

माजघर

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस भांडू शकतात. मृत्युपत्रच करा, वकिलाला दाखवा.

सुपारी

अवांतर विचारते, राग मानू नका. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात गरिबांसाठी खाटा असतात म्हणे. आमच्या कामवाल्या मावशींच्या नवऱ्याचं ऑपरेशन आहे.

चिंचगूळ

असतात. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठी वेगळी काढतात. काउंटरवर विचारू नका, समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते विचारा. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या. ॲडमिट व्हायच्या आधी जा.

सुपारी

उद्याच जाते मावशींबरोबर. थँक्यू गं.

जुनं_खोड

पोरांनो, तुमचं सगळं वाचतोय. माझे वडील पैसा फंडाची गोष्ट सांगायचे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून निधी जमवला आणि १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. नाव कुणाचंच नाही, सगळ्यांचा पैसा. तेव्हा एक पैसा देणाऱ्याने कुठे फरशी मागितली होती? आता शंभर रुपये देऊन व्हॉट्सॲपवर फोटो मागतात.

झोपाळा

काका, आदर ठेवून सांगतो, फोटो मागावा लागतो कारण काही जण खातात. आमच्या सोसायटीने ॲम्ब्युलन्ससाठी वर्गणी काढून दिली एका संस्थेला. चार वर्षं झाली, ॲम्ब्युलन्स 'येतेय'. बहुतेक सिग्नलला अडकली.

हिशेबनीस

दोघांचंही खरं. देण्याआधी नोंदणी क्रमांक मागावा, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला ताळेबंद मागावा. चांगली संस्था चहा देऊन दाखवते. टाळाटाळ झाली की समजावं.

फाइलबाई

पैसे नाहीत पण वेळ आहे अशांसाठी. मी एका वाचनालयाचं फक्त कागदपत्रांचं काम केलं. पाच विश्वस्त, त्यातले तिघे देवाघरी, आणि बदलाची नोंदच केलेली नाही. खरं तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, इथे पंधरा वर्षं झालेली. बँकेत सही चालेना, अनुदान अडकलं. मी मृत्यूचे दाखले जमवले, जुनी इतिवृत्तं शोधली. एक वही कपाटाखाली पाय डुगडुगू नये म्हणून घातलेली सापडली! ती काढली तेव्हापासून कपाट हलतंय.

नीलमोहर

केवढं लिहिलंत सगळ्यांनी. काल शाळेत जाऊन आले. क्लार्कबाईंना विचारलं, खरं सांगा, काय हवंय? त्या आधी "काही नको, तुमची इच्छा" म्हणाल्या. निघताना पायऱ्यांवर हळूच म्हणाल्या, मुलींच्या बाजूचे दोन नळ गळतात आणि वर्षभराचं पाण्याचं बिल भरायचंय. भावाला कळवलं, तो म्हणाला नळावर आजीचं नाव कसं टाकायचं? निम्मे विनाअट द्यायचे आणि निम्मे ठेवीत, हिशेबनीसकाकांच्या त्या ओळीसकट, एवढ्यावर आलोय. भांडण अजून चालू आहे.

यंदा ६५ रुपये कुणाला मिळाले तेही विचारलं. मुलीने पाकीट तसंच ठेवलंय म्हणे, त्यावर तिचं नाव टाइप केलेलं आहे म्हणून.

वरणफळ

पाकिटाचे पाच रुपये वसूल!

घाईत

खिडकीपाशी, त्या पंख्याचा फोटो टाका ना.

खिडकीपाशी

टाकते. लाइट जाऊ दे फक्त.